उमेदवारीचे मोल कोणी द्यायचे?

इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. किंवा एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला 'पुढे काय?' असा प्रश्न विचारला की वर्षानुवर्षे तीन-चार ठराविक उत्तरे मिळत असत. नेट-सेट करून प्राध्यापकी, बी.एड. करून शाळा, स्पर्धा परीक्षा, नाहीतर एखादे कॉल सेंटर. पुस्तकांचे जग हे त्याच्या अभ्यासाचे खरे क्षेत्र; पण त्या जगात काम मिळते कसे, याची माहिती देणारी व्यवस्था त्याच्या महाविद्यालयात क्वचितच असे. नव्या शैक्षणिक धोरणाने हे चित्र निदान कागदावर बदलले आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ मध्ये ठरवण्यात आलेल्या श्रेयांक रचनेत कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठीही 'ऑन जॉब ट्रेनिंग' म्हणजेच कार्यप्रशिक्षणाला जागा देण्यात आली. चार श्रेयांकांचे हे प्रशिक्षण आता प्राध्यापक व विद्यार्थी दोघांच्याही तोंडी 'ओजेटी' या नावाने रुळले आहे.

इंग्रजीच्या विद्यार्थ्याने हे प्रशिक्षण कोठे घ्यावे, या प्रश्नाचे स्वाभाविक उत्तर प्रकाशनसंस्था हेच आहे. संहिता वाचणे, मुद्रितशोधन करणे, अनुवाद मुळाशी ताडून पाहणे, मलपृष्ठावरील मजकूर लिहिणे ही सारी कामे भाषेच्या अभ्यासकाचीच आहेत. तथापि या उत्तरापाठोपाठ दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. या कामाचे पैसे द्यायचे की नाहीत? द्यायचे तर कोणी? शासनाने, विद्यापीठाने की प्रकाशकाने? श्रेयांकांचा हिशेब नियमांनी बारकाईने केला. पैशाचा हिशेब मात्र ज्याच्या त्याच्यावर सोपवला गेला आहे.

हा प्रश्न नवा नाही आणि केवळ आपलाही नाही. इंग्रजी पुस्तकांची जागतिक राजधानी समजल्या जाणाऱ्या न्यूयॉर्कमध्ये गेल्या दीड दशकात यावरून खटले झाले, संप झाले आणि अखेर मोठ्या प्रकाशनसंस्थांना इंटर्नना तासाच्या हिशेबाने वेतन देणे अंगवळणी पाडावे लागले. तेथे जे घडले त्याचा अन्वयार्थ लावल्यास महाराष्ट्रातील विद्यापीठांना व प्रकाशकांना अनेक चुका टाळता येतील.

'अनुभव' नावाचे नाणे

अमेरिकेत पुस्तकांचा व मासिकांचा व्यवसाय प्रामुख्याने मॅनहॅटनच्या परिसरात एकवटलेला आहे. पेंग्विन रँडम हाउस, हार्परकॉलिन्स, सायमन अँड शूस्टर, हॅशेट आणि मॅकमिलन या पाच बड्या संस्थांची मुख्य कार्यालये तेथेच आहेत. या व्यवसायात शिरण्याचा मार्ग ठरलेला होता. इंग्रजी विषयाच्या विद्यार्थ्याने उन्हाळ्याच्या सुटीत आठ-दहा आठवडे एखाद्या संस्थेत, मासिकात किंवा लेखकांच्या एजंटाकडे इंटर्न म्हणून काम करावे, ओळखी कराव्यात आणि पदवीनंतर संपादकीय साहाय्यक म्हणून रुजू व्हावे.

इंटर्नकडे जे काम येते ते वरवर किरकोळ वाटते, पण संस्थेचे बरेचसे चलनवलन त्यावर अवलंबून असते. न मागता आलेल्या संहितांचा ढीग वाचून प्रत्येकीवर पानभर अभिप्राय लिहिणे, बाजारात त्याच धर्तीची कोणती पुस्तके आहेत याची यादी करणे, समीक्षकांना आगाऊ प्रती पाठवणे, पुस्तकाची माहिती विक्रेत्यांच्या संगणक-प्रणालीत अचूक भरणे, उद्धृतांच्या परवानगीची पत्रे तयार करणे ही त्यातील नेहमीची कामे. संहितेवरील पहिला अभिप्राय अनेकदा याच वाचकाचा असतो.

या कामाच्या बदल्यात अनेक ठिकाणी 'अनुभव' एवढेच नाणे दिले जाई. परिणाम उघड होता. न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरात दोन-अडीच महिने स्वतःच्या खर्चाने राहणे ज्याला परवडते, त्यालाच अनुभव मिळे; ज्याला अनुभव मिळे, त्यालाच पुढे नोकरी मिळे. कोणती पुस्तके छापायची हे ठरवणारा वर्ग अशा रीतीने आई-वडिलांच्या उत्पन्नावर निवडला जात होता. संपादकांच्या खोलीत कोण बसतो, यावर वाचकाच्या हाती काय पडते हे अवलंबून असते. त्यामुळे हा केवळ काही तरुणांच्या खिशाचा प्रश्न उरत नाही.

खटल्यांचे पर्व

या पद्धतीला पहिला मोठा धक्का प्रकाशन व्यवसायाने नव्हे, तर चित्रपट व्यवसायाने दिला. 'ब्लॅक स्वान' या चित्रपटाच्या निर्मितीत विनावेतन काम केलेल्या इंटर्नांनी सप्टेंबर २०११ मध्ये फॉक्स सर्चलाइट या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. आपण केलेले काम पगारी कर्मचाऱ्याचेच होते, तेव्हा १९३८ च्या श्रममानक कायद्यानुसार किमान वेतन मिळाले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. जून २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ते मान्य केले.

हे लोण मासिकांच्या जगात पोहोचण्यास वेळ लागला नाही. 'हार्पर्स बझार'मध्ये काम केलेल्या एका इंटर्नने फेब्रुवारी २०१२ मध्येच हर्स्ट या प्रकाशनसमूहाविरुद्ध दावा लावला होता. जून २०१३ मध्ये काँडे नास्ट या समूहाची पाळी आली. 'व्होग', 'न्यूयॉर्कर' यांसारखी नियतकालिके काढणाऱ्या या समूहाने ऑक्टोबर २०१३ मध्ये आपला इंटर्नशिपचा कार्यक्रमच बंद करून टाकला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये जुन्या इंटर्नांशी ५८ लाख डॉलरची तडजोड केली. सुमारे साडेसात हजार माजी इंटर्न या तडजोडीच्या कक्षेत येत होते.

तथापि कायद्याचा काटा पुन्हा फिरला. जुलै २०१५ मध्ये अपील न्यायालयाने फॉक्स प्रकरणातील निकाल रद्दबातल ठरवला आणि नवी कसोटी घालून दिली. या नात्यात मुख्य लाभ कोणाचा होतो, संस्थेचा की शिकणाऱ्याचा, हे पाहावे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. प्रशिक्षण वर्गातील शिक्षणासारखे आहे का, ते अभ्यासक्रमाशी किंवा श्रेयांकांशी जोडलेले आहे का, शैक्षणिक वेळापत्रकाशी जुळते का, शिकणे संपल्यावरही ते लांबवले जाते का, पगारी माणसाची जागा इंटर्न घेतो का, असे सात मुद्दे त्यासाठी सांगण्यात आले. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकी श्रम विभागानेही हीच कसोटी स्वीकारली. हर्स्टविरुद्धचा दावा याच कसोटीवर टिकला नाही. २०१७ मध्ये अपील न्यायालयानेही कंपनीच्या बाजूने कौल दिला.

श्रेयांकांचा आडोसा

या निकालांतील एक बाब आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. इंटर्नशिप श्रेयांकांशी जोडलेली असली की वेतन न देण्याची बाजू कायद्याच्या दृष्टीने बळकट होते. म्हणजे श्रेयांक ही विद्यार्थ्याची मिळकत न राहता मालकाची ढाल बनू शकते. अमेरिकेत श्रेयांकांसाठी विद्यापीठाला शुल्क भरावे लागते. फुकट काम करायचे आणि त्या कामाचे श्रेयांक पदरात पडावेत म्हणून वर शुल्कही भरायचे, असा दुहेरी भुर्दंड तेथील कित्येक विद्यार्थ्यांनी सोसला आहे.

ब्रिटनमध्येही पळवाट त्याच ठिकाणी आहे. तेथे १९९८ च्या किमान वेतन कायद्यान्वये जो 'कामगार' ठरतो त्याला इंटर्न असे नाव दिले तरी किमान वेतन चुकत नाही. मात्र उच्च शिक्षणाच्या अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग म्हणून एक वर्षापर्यंत काम करणारा विद्यार्थी या संरक्षणातून वगळलेला आहे. दोन्ही देशांत कायद्याचा रोख सारखा आहे: काम 'शिक्षण' ठरले की वेतनाचा हक्क पातळ होतो.

मग मोठ्या प्रकाशनसंस्था आज इंटर्नना वेतन का देतात? कायद्याने भाग पाडले एवढेच त्याचे कारण नाही. खटल्यांनी झालेली नाचक्की, इंटर्नांनीच उठवलेला आवाज आणि एकाच थरातून माणसे घेतल्याने होणारे नुकसान या तीन गोष्टींचा तो एकत्रित परिणाम आहे. पुरोगामी बाण्याच्या 'द नेशन' या साप्ताहिकालाही २०१३ मध्ये स्वतःच्या इंटर्नांचे पत्र आल्यावर किमान वेतन मान्य करावे लागले. कामगारांची बाजू मांडणाऱ्या नियतकालिकाच्या कार्यालयातच तुटपुंजे विद्यावेतन असावे, यातील विसंगती लपवता येण्यासारखी नव्हती.

रकमेचा अंदाज घ्यायचा तर हिशेब सोपा आहे. आठवड्याला ३५ तास याप्रमाणे दहा आठवड्यांचे ३५० तास होतात. न्यूयॉर्क शहरात २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १६.५० डॉलर होते. त्या दराने संपूर्ण उन्हाळ्याचे ५,७७५ डॉलर होतात. तेथील घरभाडे पाहता ही रक्कम चैनीची नव्हे. परंतु शून्य आणि ५,७७५ यांतील अंतर हेच एखाद्या विद्यार्थ्याला अर्ज करू द्यायचा की नाही, हे ठरवणारे अंतर असते.

दार उघडले, पुढे काय?

वेतन दिल्याने काही बदलते का, या प्रश्नाचे अंशतः उत्तर उपलब्ध आहे. 'ली अँड लो' या बालसाहित्याच्या प्रकाशनसंस्थेने अमेरिकी प्रकाशन व्यवसायातील मनुष्यबळाची पाहणी २०१५ पासून दर चार वर्षांनी केली आहे. पहिल्या पाहणीत ७९ टक्के कर्मचारी गोरे असल्याचे आढळले. २०१९ च्या पाहणीत हे प्रमाण ७६ टक्के होते, म्हणजे जवळपास होते तेथेच. इंटर्नांमध्ये मात्र त्याच पाहणीत गोऱ्यांव्यतिरिक्त इतर समाजांतील तरुणांचे प्रमाण जवळपास निम्मे होते. पहिल्या पायरीवरील चित्र बदलू लागले होते, वरच्या मजल्यांवरील चित्र मात्र फारसे हलले नव्हते.

याचे एक कारण पहिल्या नोकरीच्या पगारात आहे. इंटर्नशिपचे दार उघडले, पण आतील जिना तसाच अरुंद राहिला. मार्च २०२२ मध्ये न्यूयॉर्कमधील काही कनिष्ठ संपादकांनी कामाचा बोजा व तुटपुंजा पगार यांना कंटाळून जाहीरपणे राजीनामे दिले. त्याच वर्षी १० नोव्हेंबर रोजी हार्परकॉलिन्समधील सुमारे अडीचशे कर्मचारी संपावर गेले. सुरुवातीचा वार्षिक पगार ४५ हजार डॉलरवरून वाढवावा, ही त्यांची प्रमुख मागणी होती. कडाक्याच्या थंडीत सुमारे तीन महिने चाललेला हा संप फेब्रुवारी २०२३ मध्ये मिटला. किमान पगार आधी ४७,५०० आणि जानेवारी २०२५ पासून ५० हजार डॉलर करण्याचे व्यवस्थापनाने मान्य केले.

ब्रिटनमधील प्रकाशकांनी अडचणीच्या दुसऱ्या टोकाला हात घातला. लंडनबाहेरच्या तरुणांना राहण्याची सोय नसते, हे ओळखून २०१६ मध्ये 'स्पेअर रूम प्रोजेक्ट' सुरू झाला. लंडनमध्ये राहणाऱ्या प्रकाशन व्यवसायातील मंडळींनी आपल्या घरातील रिकामी खोली बाहेरगावच्या इंटर्नला आठवडाभर मोफत द्यावी, अशी ही साधी कल्पना. त्याच वर्षीच्या जानेवारीत पेंग्विन रँडम हाउसने ब्रिटनमधील नोकऱ्यांसाठी पदवीची अट काढून टाकली. या उपायांनी सारे प्रश्न सुटले असे नाही. मात्र अडथळा गुणवत्तेचा नसून भाड्याचा आहे, हे त्यांनी मान्य केले, हे महत्त्वाचे.

भारतातील पोकळी

भारतात इंटर्नशिपचे विद्यावेतन ही कल्पना अपरिचित नाही. एम.बी.बी.एस. झालेल्या विद्यार्थ्याच्या अंतर्वासितेला विद्यावेतन मिळते आणि ते थकले की आंदोलन होते. सनदी लेखापालाकडे आर्टिकलशिप करणाऱ्या विद्यार्थ्याला किती किमान विद्यावेतन द्यावे, हे त्या व्यवसायाच्या नियमांतच ठरवून दिले आहे. या दोन्ही क्षेत्रांत व्यवसायाची नियामक संस्था आहे. पुस्तक प्रकाशनाला तशी संस्था नाही आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याची बाजू घेऊन बोलणारेही कोणी नाही.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने या पोकळीत काही आधार दिला आहे. २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीव्यतिरिक्त इतर शाखांच्या पदवीधरांसाठीही या कायद्याचे दार उघडले. २०१९ मध्ये बदललेल्या नियमांनुसार पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९ हजार रुपये ठरले. राष्ट्रीय योजनेतून किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवार परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवी अभ्यासक्रमांची मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली. त्यानुसार बी.ए.च्या विद्यार्थ्यालाही पदवीच्या काळातच किमान एक सत्र कायदेशीर, विद्यावेतनासह उमेदवारी करता येणे शक्य आहे.

हे शक्य असले तरी प्रकाशन व्यवसायात ते फारसे का दिसत नाही, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. चार ते एकोणतीस कर्मचारी असलेल्यांना ते ऐच्छिक ठेवले. मराठीतील बहुसंख्य प्रकाशनसंस्था या कौटुंबिक स्वरूपाच्या, मोजक्या माणसांवर चालणाऱ्या आहेत. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, छपाई आणि बांधणी ही कामे त्या बाहेरून करून घेतात. साहजिकच कायद्याची सक्ती त्यांना लागू होत नाही आणि सवलत घेण्याएवढी कागदपत्रे करण्यास त्यांच्याकडे माणूस नसतो.

शासनाच्या इतर योजनाही या विद्यार्थ्याला चुकवून पुढे जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या प्रायोगिक टप्प्यात दरमहा पाच हजार रुपये देण्याचे ठरले. परंतु पूर्णवेळ शिक्षण घेणारा विद्यार्थी त्यास पात्र नव्हता आणि पदव्युत्तर पदवीधरालाही ती दारे बंद होती. शिवाय सहभागी कंपन्या निवडल्या गेल्या त्या सामाजिक दायित्वावरील खर्चाच्या निकषावर पुढे असलेल्या पाचशेंतून. त्या यादीत पुस्तकांच्या प्रकाशकाला स्थान मिळणे मुळातच अवघड. राज्याच्या २०२४ मधील मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. पण शिक्षण चालू असलेल्या उमेदवाराला तीतूनही वगळण्यात आले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. वेतन संहितेतील कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवार वगळलेला आहे, कारण त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. मात्र महाविद्यालयाच्या पत्रावर पंधरवडाभर किंवा दोन महिने काम करणारा विद्यार्थी कोणत्या घरात बसतो, याचे थेट उत्तर नाही. तो कर्मचारी म्हणून गणला जात नाही आणि कायद्याच्या अर्थाने शिकाऊ उमेदवारही ठरत नाही. नव्या अभ्यासक्रमाने नेमक्या याच प्रकारच्या विद्यार्थ्यांची संख्या वाढवली आहे.

पंधरा दिवसांची उमेदवारी

चार श्रेयांकांचे प्रशिक्षण म्हणजे श्रेयांकामागे तीस तास या हिशेबाने १२० तास. दिवसाचे आठ तास धरले तर पंधरा दिवस. पंधरा दिवसांत प्रकाशनातील कोणते काम शिकून होईल, असा प्रश्न कोणीही अनुभवी संपादक विचारील. मुद्रितशोधनाच्या खुणा समजून घेऊन डोळा तयार होईपर्यंतच मुदत संपते. पहिला आठवडा शिकवण्यात जातो आणि कामाला हात बसू लागतो तोच उमेदवार निघून जातो. अशा उमेदवाराला पैसे का द्यावेत, ही प्रकाशकाची तक्रार त्या मर्यादेत रास्त आहे.

मराठी पुस्तकाच्या अर्थकारणाकडेही डोळेझाक करता येत नाही. पहिली आवृत्ती हजार प्रतींची निघाली तरी ती संपण्यास काळ लागतो. विक्रेत्याची सवलत, कागदाचे भाव आणि अडकून पडलेली वसुली यांतून उरणाऱ्या रकमेत दरमहा नऊ-दहा हजारांचा बोजा लहान संस्थेला जड वाटणारच. वेतनाची सक्ती झाली तर जागाच बंद होतील, ही भीतीही निराधार नाही. काँडे नास्टने २०१३ मध्ये तेच केले होते.

पण या युक्तिवादाची दुसरी बाजूही आहे. फुकट मिळणाऱ्या मनुष्यबळाची किंमत ठेवली जात नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. पैसे द्यायचे नसले की दहा विद्यार्थी घेतले जातात आणि त्यांना पार्सले बांधणे, बिले लावणे, समाजमाध्यमांवर जाहिराती टाकणे अशी कामे मिळतात. पैसे द्यायचे ठरले की दोनच घेतले जातात. मग त्यांच्याकडून काय करून घ्यायचे, याचा विचार करणे संस्थेला भाग पडते. विद्यावेतन हा शिकवण्याच्या गांभीर्याचाही मापदंड ठरतो.

आणि इंग्रजीचा विद्यार्थी मराठी प्रकाशकाच्या कामाचा नाही, असे मानणे चुकीचे ठरेल. मराठी ग्रंथव्यवहारात इंग्रजीतून होणाऱ्या अनुवादांचा वाटा मोठा आहे. पुण्यातील मेहता पब्लिशिंग हाउससारख्या संस्थेची ओळखच अनुवादांनी घडली. अनुवाद मुळाशी ओळ-ओळ ताडून पाहणे, गळलेली वाक्ये शोधणे, परदेशी हक्कांसाठीचा पत्रव्यवहार करणे, मराठी पुस्तकाचा परिचय व नमुना प्रकरण इंग्रजीत तयार करणे या कामांना दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागतो. लातूर, परभणी किंवा रत्नागिरीच्या महाविद्यालयात मराठी घरातून येऊन इंग्रजी शिकणारा विद्यार्थी नेमका असाच दोन भाषांचा धनी असतो.

अडचण अशी की या विद्यार्थ्याच्या गावात प्रकाशनसंस्था नाही. मराठी प्रकाशन व्यवसाय पुणे-मुंबईत आणि इंग्रजी प्रकाशन व्यवसाय मुख्यतः दिल्ली व परिसरात एकवटला आहे. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९१२ मध्ये भारतातील आपले काम मुंबईतून सुरू केले. जयको व पॉप्युलर या संस्थाही मुंबईच्याच. परंतु १९८५ मध्ये पेंग्विनने भारतात पाऊल ठेवले ते दिल्लीत, आणि पुढे इंग्रजी प्रकाशनाचा गुरुत्वमध्य तिकडेच स्थिरावला. विद्यावेतन नसेल तर पुण्यातील विद्यार्थी घरून डबा घेऊन जातो आणि श्रेयांक मिळवतो. परभणीच्या विद्यार्थिनीला त्याच श्रेयांकांसाठी खाटेचे भाडे, खानावळ आणि प्रवास यांचा खर्च करावा लागतो. तो न झेपल्यास ती जवळच्या एखाद्या दुकानातून किंवा कार्यालयातून प्रमाणपत्र आणते. कागदावर दोघांचेही श्रेयांक चारच असतात, पण शिकणे एकाच्याच वाट्याला येते.

परदेशी जाणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. अमेरिकेत इंग्रजी साहित्य शिकण्यासाठी गेलेल्या विद्यार्थ्याला शिक्षणोत्तर प्रशिक्षणासाठी साधारणपणे बारा महिनेच मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला मिळणारी आणखी चोवीस महिन्यांची मुदतवाढ त्याला मिळत नाही. शिकताना केलेली इंटर्नशिपही अभ्यासक्रमाशी जोडलेली असावी लागते. तेथे पगारी जागांसाठी होणारी चुरस पाहता, मायदेशी कमावलेला खरा अनुभव हाच अशा विद्यार्थ्याच्या हाती राहतो.

आता निर्णयाची वेळ

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आगमनाने या प्रश्नाला निकड आली आहे. मलपृष्ठावरील मजकुराचा कच्चा खर्डा, संहितेचा सारांश, प्राथमिक मुद्रितशोधन ही इंटर्नच्या वाट्याला येणारी कामे आता यंत्राकडून करून घेण्याचा मोह संस्थांना होत आहे. ज्या पायरीवर उभे राहून संपादक घडत असे, ती पायरीच यामुळे झिजू लागली आहे. यंत्राने केलेला सारांश चुकला आहे हे ओळखणारा वाचक मात्र त्या पायरीशिवाय तयार होणार नाही. म्हणूनच उमेदवाराला देण्याच्या पैशाकडे खर्च म्हणून न पाहता पुढच्या पिढीच्या संपादकांतील गुंतवणूक म्हणून पाहावे लागेल.

यातून मार्ग काढणे अशक्य नाही. लहान प्रकाशकाला एकट्याने पेलत नसेल तर प्रकाशकांच्या संघटनेने पुढाकार घेऊन चार-पाच संस्थांत मिळून एक उमेदवार घ्यावा; त्यातून विद्यार्थ्याला संपादन, निर्मिती आणि विक्री अशी सारी अंगे पाहता येतील. केंद्राकडून मिळणाऱ्या निम्म्या विद्यावेतनाची कागदपत्रे करण्याचे काम विद्यापीठांच्या रोजगार कक्षांनी उचलावे. १२० तासांचे तुकडे पाडण्याऐवजी इंग्रजी व मराठी विभागांनी एक पूर्ण सत्राची, विद्यावेतनासह उमेदवारी अभ्यासक्रमात बसवावी. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी सुटीत रिकामी असणारी विद्यापीठांची वसतिगृहे खुली करण्यास तर फारसा खर्चही नाही. पुण्यात स्प्रिंगर नेचरसारख्या संशोधनपत्रिकांच्या प्रकाशकाचे मोठे कार्यालय आहे, मुंबईत संशोधनलेखांच्या भाषासंपादनाचे काम करणारी कॅक्टस कम्युनिकेशन्स आहे. ललित पुस्तकांपलीकडचे हे प्रकाशनविश्वही विद्यापीठांच्या इंग्रजी विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांसमोर आणले पाहिजे.

मात्र या सर्वांआधी विद्यापीठांनी एक साधा नियम करणे गरजेचे आहे. विद्यार्थ्याने केलेले काम संस्थेने आपल्या पुस्तकात, जाहिरातीत किंवा संकेतस्थळावर वापरले, तर त्याचा मोबदला दिला गेलाच पाहिजे. केवळ शिकण्यासाठी केलेल्या सरावाला हा नियम लावण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयांनी वर्षानुवर्षे ज्याचा काथ्याकूट केला, त्या 'लाभ कोणाचा?' या प्रश्नाचे हे सरळ व्यावहारिक उत्तर होऊ शकेल.

मराठीत 'उमेदवारी करणे' हा शब्दप्रयोग जुना आहे. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुलापासून वर्तमानपत्रातील उपसंपादकापर्यंत अनेकांनी ती केली आणि त्यातूनच भाषेचे जाणकार घडले. त्या उमेदवारीत पैसे थोडे असत, पण कामाची हमी आणि शिकवणारा माणूस असे. आजच्या विद्यार्थ्याला श्रेयांक मिळतात. शिकवणारा मिळेलच याची खात्री नाही आणि पैशाचे तर नावच नाही. नव्या धोरणाने काम आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचे ठरवले आहे, ते योग्यच आहे. पण त्या सांगडीची किंमत ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे, त्याच्याच खिशातून वसूल होणार असेल, तर पुस्तकांच्या जगाचे दार पुन्हा एकदा ऐपत असणाऱ्यांपुरतेच उघडे राहील.